तळ निरीक्षक

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माझी बदली रसायनशास्त्र विभागाच्या भांडारातून टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका नळीत झाली. नळी क्रमांक ४१,०७,२२३. आदेशावर कुलसचिवांची सही होती, जावक क्रमांक होता आणि ‘सदर कर्मचाऱ्याने तत्काळ रुजू व्हावे’ हे नेहमीचं वाक्य होतं.

मी प्रयोगशाळा सहायक आहे. नाव विश्वंभर ठोसर. अठ्ठावीस वर्षं मी त्या भांडारात बसून काचसामान दिलं आणि परत घेतलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि तीही त्याच खुर्चीवर जातील असं मी धरून चाललो होतो. गुडघे दुखतात. या वयात नवीन जागा नको वाटते.

आदेश घेऊन मी आस्थापना विभागात गेलो. तिथले अधीक्षक लोखंडे सरळ माणूस. त्यांनी कागद दोनदा वाचला, उलटून मागची बाजूही बघितली.

“यात चूक काही नाही, ठोसर. पद मंजूर आहे. तळ निरीक्षक. दोन पदं होती, दुसऱ्यावर ग्रंथालयातले मेश्राम गेलेत. तुमच्या शेजारच्याच नळीत.”

“पण नळीची रुंदी किती आहे, बघितलंत का?”

“रुंदी आदेशात नसते.”

“केसाच्या हजाराव्या भागाएवढी आहे ती.”

लोखंडेंनी चष्मा काढून डोळे चोळले. “एका माणसाला पुरेल मग. दोन टेबलं लावायची असती तर प्रश्न होता. आणि एकाच इमारतीत आहे, त्यामुळे ही बदली धरत नाहीत, जागाबदल धरतात. बदलीविरुद्ध अर्ज करता येतो. जागाबदलाविरुद्ध येत नाही.”

मी आदेशाची घडी घातली आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोची वेणी घालताना तिला सांगितलं. मंदाचा उजवा खांदा दीड वर्षापासून आखडलेला आहे, हात वर जात नाही, म्हणून वेणी मी घालतो.

“पंखा आहे का तिथे?” तिने विचारलं.

“माहीत नाही.”

“खिडकी?”

“वरून उघडी असते म्हणतात.”

“मग टोपी घेऊन जा,” ती म्हणाली. “आणि हळू. तुम्ही ओढता फार.”

हे पद का निघालं, ते मला रुजू होताना तबस्सुम मुजावर मॅडमनी सांगितलं. मॅडम आमच्या विभागात पीएच.डी. करतात. वय चौतीस. सात वर्षं झाली होती, दोन मुदतवाढी घेऊन झाल्या होत्या, आणि सकाळी त्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून मग प्रयोगशाळेत येत. नखाएवढा टायटॅनियमचा पत्रा द्रावणात बुडवून वीज दिली, की त्याच्यावर आपोआप नळ्या उगवतात, मधमाशीच्या पोळ्यासारख्या, एकीला एक चिकटून, करोडोंनी. अशा पत्र्यावर ऊन पडलं की पाण्यातून हायड्रोजन सुटतो, पण थोडासाच.

“कारण या नळ्यांना उन्हाचा फार थोडा भाग दिसतो, काका,” मॅडम म्हणाल्या. “बाकीचं सगळं ऊन आलं तसं परत जातं. म्हणून आधी आतून एक अस्तर द्यायचं, भरलेलं टिकावं यासाठी, आणि मग पोकळीत तांब्याचा लाल ऑक्साइड भरायचा. त्याला उरलेलं ऊन दिसतं.”

“मग अडलंय कुठे?”

“तळाशी. वरून बघितलं तर नळी भरलेली दिसते. खरं म्हणजे तोंडाशी बूच बसलेलं असतं आणि खाली सगळं मोकळं. मागच्या वर्षी बाहेरच्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, तळापर्यंत भरली याला पुरावा काय? पत्रा तोडून बघता येतं, पण मग तो पत्राच राहत नाही. शेवटी विद्यापीठाने ठरवलं की आत माणूस नेमावा.”

हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटतं त्यांना वाईट वाटत होतं. मी म्हटलं, “असू दे, मॅडम. कुणीतरी बघायला पाहिजेच.”

आत जायला विशेष काही लागत नाही. ओळखपत्र दाखवायचं, चपला बाहेर काढायच्या आणि उतरायचं. नळी विहिरीसारखी आहे. दोन्ही हात कमरेवर ठेवले तर कोपरं भिंतींना टेकतात. खोली रुंदीच्या पन्नास पट. दोरीची शिडी आहे, तिला एकशे चौसष्ट पायऱ्या. खाली एक खुर्ची, एक नोंदवही आणि विभागाच्या अंतर्गत फोनचं एक यंत्र, नंबर दोनशे सतरा. वर बघितलं की बटणाएवढा उजेड दिसतो. पंखा नाही. उतरायला पंचवीस मिनिटं लागतात, चढायला पन्नास. जेवणाच्या सुट्टीत वर येणं परवडत नाही, म्हणून डबा खालीच खायचा.

भिंत इतकी पातळ की शेजारच्या नळीत मेश्राम खोकले तरी कळायचं. मेश्राम मूळचे वर्ध्याकडचे, चाळीस वर्षांचे, बोलायला मोकळे. पहिल्याच दिवशी भिंतीपलीकडून त्यांनी विचारलं, “ठोसरसाहेब, तुमच्याकडे खुर्ची आहे का हो?”

“आहे.”

“मला स्टूल दिलं.”

पहिले पंधरा दिवस अस्तराचे होते. दिवसातून दोनदा वरून वाफेसारखं काहीतरी खाली यायचं, भिंतीला बसायचं आणि राहिलेलं निघून जायचं. अंग ओलं होत नसे. का होत नसे, ते मी विचारलं नाही. प्रत्येक वेळी भिंतीवर एक पातळ पापुद्रा चढायचा. मी तळापासून डोक्यापर्यंत हात फिरवून बघायचो आणि फोनवर सांगायचो, “एकसारखं बसलंय, मॅडम.” वीस फेऱ्यांनंतर कमरेवर हात ठेवून उभं राहता येईना. हात खाली सोडून उभं राहायची सवय मी करून घेतली. अस्तराच्या अहवालावर आम्ही दोघांनीही सही केली. तो खराच होता.

त्रास भरण्यापासून सुरू झाला. एप्रिलच्या सुरुवातीला मॅडमनी पत्रा तांब्याच्या द्रावणात सोडला आणि वीज चालू केली. वरून निळं पाणी खाली उतरलं. बराच वेळ काही झालं नाही. मग वरचा बटणाएवढा उजेड लालसर व्हायला लागला, कडेने आत सरकत गेला आणि जेवणाच्या सुमारास मिटला. मी अंधारात खुर्चीवर बसून राहिलो. पाय जमिनीवर होते, जमीन होती तशीच.

फोन वाजला. “काका, वरून तर सुरेख भरलेली दिसतेय. खाली?”

“खाली काही नाही, मॅडम.”

“थोडंसुद्धा?”

मी वाकून तळावर हात फिरवला. “नाही हो.”

त्या म्हणाल्या, “बरं. पत्रा आम्लात धुवायला लागेल. तासभर थांबा, मग तोंड उघडेल.”

असं एप्रिलमध्ये तीनदा झालं. मे महिन्यात चारदा झालं. त्यांनी वीज कमी करून बघितली, पाणी गरम करून बघितलं, त्यात लॅक्टिक आम्ल जास्त घालून बघितलं. दर वेळी तोंड मिटायचं, मी अंधारात बसायचो, फोन वाजायचा आणि मी तेच सांगायचो. नंतर नंतर फोन वाजला की मी तीन-चार घंटा होईपर्यंत तो उचलत नसे. सांगणाऱ्याचं काही जात नाही असं लोकांना वाटतं.

मेश्रामांनी मात्र पहिल्याच वेळी ‘नळी तळापर्यंत भरली आहे’ असं लिहून सही करून टाकली होती. त्यांनी ते मला भिंतीपलीकडून सांगितलं.

“खरंच भरली का?” मी विचारलं.

“छे. पण भरल्याशिवाय ग्रंथालयात परत जाता येत नाही ना. मला अंधारात बसवत नाही, ठोसरसाहेब. लहानपणापासून नाही बसवत.”

त्यांचा अंदाज चुकला. त्यांची नळी नोंदीप्रमाणे भरलेली असल्यामुळे तिच्यात कुणी असणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांचं हजेरीपत्रक बंद झालं. आणि भरलेल्या नळीतून कार्यमुक्तीचा आदेश निघत नाही, म्हणून ग्रंथालय त्यांना रुजू करून घेईना. ते आठवडाभर दोन्हीकडे फिरले. शेवटी रोज सकाळी पुन्हा नळीत येऊन स्टुलावर बसायला लागले. घरी बसून काय करणार, म्हणाले.

एका पत्र्याचे दोन अहवाल झाले होते, एक भरल्याचा आणि एक रिकामा असल्याचा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात विभागप्रमुख निरगुडे सरांनी मला वर बोलावलं. मी चढून वर येईपर्यंत त्यांचा चहा निवला होता. त्यांनी तोच प्यायला.

“ठोसर, समितीने दोन्ही अहवालांची सरासरी काढली आहे. निकाल आलाय, नळ्या निम्म्या भरल्या.”

“सर, निम्म्या नाहीत. एक इंचही नाही.”

“ते मला कळतं हो.” त्यांचा आवाज चढला नाही. दमलेला होता. “पण तिच्या प्रबंधाचं शीर्षक आहे पूर्ण भरलेल्या नळ्यांबद्दल. तीस जूनला तिची नोंदणी संपते. तिसरी मुदतवाढ नियमात नाही. वरून सूक्ष्मदर्शकाचे फोटो उत्तम आहेत. तुमची एक सही झाली तर सात वर्षांचं काम मार्गी लागेल. माझ्याकडून दडपण नाही. विचार करा.”

मी विचार केला. खरं सांगायचं तर फार करावा लागला नाही. मला त्या मुलीची दया येत होती आणि माझे गुडघे संपले होते. एका सहीने तिला पदवी मिळणार असेल तर तळाशी काय आहे याची पंचाईत जगात कुणाला होती? त्या दिवशी घरी येऊन मंदाला म्हटलं, “उद्या लिहून टाकतो, भरली म्हणून.”

मंदा भाजी निवडत होती, डाव्या हाताने. “तिने सांगितलं का असं लिहायला?”

“तिने नाही. ती काहीच म्हणत नाही.”

“मग तिला विचारा तरी. तिचं आहे ते.”

दुसऱ्या दिवशी मी फोन केला आणि मॅडमना सरांचं बोलणं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मी खाली येते.”

सात वर्षांत त्या कधी नळीत उतरल्या नव्हत्या. तरुण माणूस, पंधरा मिनिटांत खाली पोचल्या. खुर्ची मी त्यांना दिली, पण त्या बसल्या नाहीत. मोबाइलचा दिवा लावून तळ बघितला, भिंती बघितल्या, वाकून कोपऱ्यात बोट फिरवून बघितलं. एका माणसाच्या जागेत दोघं, त्यामुळे त्यांची ओढणी माझ्या खांद्यावरून जात होती. मग त्या सरळ जमिनीवर बसल्या, गुडघे पोटाशी घेऊन.

“किती मोकळं आहे हो,” त्या म्हणाल्या.

मी खुर्ची जरा मागे सरकवली.

“मी फोटोंमध्ये वरूनच बघत आले सगळं. अब्बा विचारतात, झालं का गं तुझं? मी सांगते, होत आलंय. सात वर्षं तेच सांगतेय. मला वाटायचं थोडं तरी असेल खाली. चिमूटभर.”

“मॅडम, मी सही करतो. माझी काही हरकत नाही.”

“माहीत आहे मला.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “तुम्ही काल सही केली असती आणि मी आज इथे आले नसते, तर मी घेतली असती ती पदवी. देवाशपथ घेतली असती. पण आता मी बघितलंय.”

मी डबा उघडला. शेपूची भाजी आणि भाकरी होती. आम्ही दोघांनी खाल्ली. मेश्रामांनी भिंतीपलीकडून विचारलं, कुणी आलंय का. मी सांगितलं, मॅडम आल्यात.

“मॅडम, एक बोलू का?” मेश्राम म्हणाले. “भरताना ते पाणी सारखं चालू असते ना, वीज पण सारखी चालू असते. त्याला खाली यायला सवडच भेटत नाही. दारातच सगळं खर्चून जाते. जरा थांबू थांबू दिली तर?”

मॅडमनी खाणं थांबवलं. “मी दोन वर्षांपूर्वी हाच विचार केला होता. तीन सेकंद वीज द्यायची, मग एक मिनिट बंद. बंद असताना ताजं द्रावण खालपर्यंत उतरतं. पण गणित मांडलं तर दीड-दोन महिने लागतात. एवढा वेळ माझ्याकडे कधीच नव्हता, म्हणून ते सोडून दिलं.”

“आता आहे का?” मी विचारलं.

“आता वीस दिवस आहेत,” त्या म्हणाल्या. “म्हणजे नाहीच.” भाकरीचा शेवटचा तुकडा त्यांनी खाल्ला आणि चढून गेल्या.

मी ‘नळी रिकामी आहे’ असं लिहिलं. तीस जूनला मॅडमची नोंदणी संपली. एक जुलैला सुरक्षारक्षकाने त्यांना विभागाच्या दारात थांबवलं, कारण नोंदणी नसलेल्या व्यक्तीला प्रयोगशाळेत प्रवेश नाही. त्यांनी ओळखपत्र त्याच्याकडे दिलं आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. मी तेव्हा कामावर येत होतो. त्या रडत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या, आणि मला ते बघवलं नाही.

मी तसाच लोखंडेंकडे गेलो. “साहेब, माझी नळी म्हणजे माझं कार्यालय ना?”

“अर्थात.”

“मग कार्यालयात भेटायला येणाऱ्यांसाठी वेळ असते.”

“दुपारी तीन ते पाच. सर्व कार्यालयांना लागू आहे.” त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. “अभ्यागताने यायचं कारण लिहावं लागतं. ‘व्यक्तिगत’ लिहिलं तरी चालतं.”

“आणि कार्यालयीन साधनं? मला एक वीजपुरवठ्याचं बटण हवंय. खाली.”

“मागणीपत्र भरा.”

भांडारात अठ्ठावीस वर्षं काढल्यामुळे मागणीपत्र कसं भरायचं हे मला कुणी शिकवायला नको होतं. तिसऱ्या दिवशी बटण आलं, वायरीसकट. निरगुडे सरांनी मागणीपत्र वाचलं, बटण कशाला हवंय हे त्यांना कळलं असणार, आणि त्यांनी सही केली. पत्रा तांब्याच्या द्रावणात ठेवून देण्याचं काम त्यांनी स्वतः केलं.

त्या दिवसापासून मॅडम रोज तीन वाजता अभ्यागत म्हणून येऊ लागल्या. त्या घड्याळ बघत, बटण मी दाबत असे. तीन सेकंद, मग सोडायचं. मग एक मिनिट काही करायचं नाही. पहिल्या दिवशी त्या एका मिनिटात आम्ही दोघं तळाकडे डोळे लावून बसलो होतो. दहाव्या की बाराव्या वेळी पायाखाली काहीतरी खरखरीत लागलं. मॅडमनी दिवा लावला. खाली गेरूसारखा लाल थर होता, भिंतीपासून भिंतीपर्यंत, बोटभर जाडीचा.

“काका,” एवढंच त्या म्हणाल्या.

“मिनिट झालं, मॅडम,” मी म्हटलं आणि बटण दाबलं.

दोन तासांत शंभरेक वेळा व्हायचं. दिवसाला कमरेइतका थर चढायचा कधी, कधी कमी. तोंड उघडंच राहिलं. प्रत्येक थरानंतर आम्ही उठून उभं राहायचो, खुर्ची वर उचलायची, थर बसू द्यायचा, पुन्हा खुर्ची ठेवायची. दमणूक होती, पण रोज दोन-चार पायऱ्या कमी व्हायच्या. मी त्या मोजायला लागलो. एकशे साठ, एकशे पंचावन्न. पत्र्यावरच्या सगळ्याच नळ्या एकदम भरत होत्या, त्यामुळे मेश्रामही त्यांच्या स्टुलासकट आमच्याबरोबर वर येत होते.

मधल्या मिनिटांत बोलणं व्हायचं. एका मिनिटात जेवढं मावेल तेवढंच. मॅडमच्या अब्बांचं मिरजेला सतारी दुरुस्त करायचं दुकान होतं. थोरल्या बहिणीला दोन मुलं होती. एक लग्न ठरत आलं होतं, पण मुलाकडच्यांनी विचारलं, पीएच.डी. कधी संपणार, आणि यांना तारीख सांगता आली नाही. हे त्यांनी चार मिनिटांत, चार तुकड्यांत सांगितलं. मधे मी तीनदा बटण दाबलं.

“वाईट वाटतं का?” मी विचारलं.

“आता नाही. तेव्हाही फारसं नाही. झोप कमी पडायची, त्याचंच जास्त वाईट वाटायचं.”

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात वीसच पायऱ्या उरल्या, तेव्हा मी मंदाला घेऊन आलो. एका हाताने तिला एवढं उतरता येण्यासारखं होतं. तिने अभ्यागत नोंदवहीत कारणाच्या रकान्यात ‘बघायला’ असं लिहिलं. खाली येऊन तिने भिंतीवरून हात फिरवला, वर बघितलं आणि म्हणाली, “उगीच टोपीचं म्हटलं मी. ऊन कुठे एवढं.” मग मॅडमचं मनगट धरून बघितलं. “केवढी वाळलीस गं पोरी.” आमच्या नळीत तिघांना जागा नव्हती, त्यामुळे ती शिडीच्या पाचव्या पायरीवर बसून राहिली आणि मिनिटं मोजायचं काम तिने घेतलं. तिचा आकडा घड्याळापेक्षा थोडा सावकाश होता. मॅडम म्हणाल्या, चालेल, उलट बरंच आहे.

बावीस ऑगस्टला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, मी बटण दाबलं आणि तळ काठाला लागला. आम्ही पाय उचलून बाहेर ठेवला. चारी बाजूंना लाल मैदान पसरलं होतं, नजर जाईल तिथपर्यंत, सगळ्या नळ्या काठोकाठ भरलेल्या. शेजारी मेश्राम स्टूल हातात घेऊन उभे होते. इतके महिने बोलत होतो, पण मी त्यांना नीट असं त्या दिवशीच बघितलं. माझ्या कल्पनेपेक्षा ते उंच होते.

मी तिथेच बसून अहवाल लिहिला. ‘नळी क्रमांक ४१,०७,२२३ तळापासून काठापर्यंत भरलेली आहे. निरीक्षकाने पायाने पाहिले.’ मेश्रामांना नव्याने काही लिहायची गरज नव्हती. त्यांची नळी नोंदीत एप्रिलपासून भरलेलीच होती, आता ती तशी झाली, एवढंच. लोखंडेंनी एक शुद्धिपत्रक काढलं आणि पुढच्या सोमवारी ग्रंथालयाने मेश्रामांना रुजू करून घेतलं.

मॅडमसाठी असं शुद्धिपत्रक निघालं नाही. निरगुडे सर कुलगुरूंना दोनदा भेटून आले. उत्तर एकच, नव्याने नोंदणी करावी, म्हणजे कागदोपत्री पहिलं वर्ष. जुनं काम जोडता येईल, जुनी वर्षं जोडता येणार नाहीत. मॅडमनी अर्ज भरला. त्यात ‘यापूर्वी संशोधनाचा अनुभव’ असा रकाना होता. त्यांनी तिथे आडवी रेघ मारली आणि पुढे गेल्या.

नोंदणीची छाननी व्हायला महिना लागतो. तोवर त्या अभ्यागतच होत्या. म्हणून उजेडाची चाचणीही तीन ते पाचमध्येच ठेवावी लागली. निरगुडे सरांनी पत्रा साध्या पाण्यात ठेवला, समोर दिवा लावला, आणि आम्ही दोघं आपापल्या जागी, म्हणजे मी भरलेल्या नळीवर खुर्ची टाकून आणि मॅडम शेजारी, असे बसलो. नियमाप्रमाणे निरीक्षकाने उपस्थित राहायचं असतं. पाणी डोक्यावर कितीतरी उंच होतं. त्याचं काही वाटत नाही.

दिवा लागला तसं पायाखालचं मैदान कोमट झालं. मग लांब कुठेतरी एक बुडबुडा सुटला. मग जवळ. मग चहूकडून सुटायला लागले, वर जाताना मोठे होत गेले. एक माझ्या खुर्चीच्या पायाला अडून राहिला होता, मी खुर्ची जरा उचलली तेव्हा तो गेला.

फोन वाजला. निरगुडे सर विजेच्या प्रवाहाचा आकडा, म्हणजे हायड्रोजन किती सुटतोय त्याचं माप, सांगत होते. मी यंत्र मॅडमच्या कानाशी धरलं. सात वर्षं त्यांना जो आकडा मिळत होता, त्याच्या सहापट होता.

“परत सांगा, सर,” त्या म्हणाल्या.

सरांनी परत सांगितलं. “आणि उतरत नाहीये, तबस्सुम. वीस मिनिटं झाली. अस्तर धरून आहे.”

“बरं,” त्या म्हणाल्या. आणखी काही म्हणतील म्हणून मी यंत्र तसंच धरून ठेवलं. सरांनी फोन ठेवला.

बुडबुड्यांकडे त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “काका, मी जरा पडू का?”

“पडा की.”

त्या आडव्या झाल्या, सात-आठ नळ्यांवर अंग टाकून, पिशवी उशाला घेऊन. ओढणी डोळ्यांवर ओढून घेतली. मला वाटलं, दोन मिनिटं पडतील आणि उठतील. पण त्यांचा श्वास लगेच संथ झाला. बुडबुडे त्यांच्या हातापायांच्या कडेने वाट काढत वर जात होते. त्यांना काही कळत नव्हतं.

पाच वाजले. मी उठवलं नाही. साडेपाचला पुन्हा फोन वाजला, मी तो पहिल्याच घंटेला उचलला.

“मुजावर गेल्या का?” सरांनी विचारलं.

“झोपल्यात, सर.”

“अभ्यागताची वेळ संपलीय ना?”

“हो, संपलीय.”

“हं. मग दिवा घालवू का? डोळ्यांवर येत असेल तिच्या.”

मी वळून बघितलं. “ओढणी घेतलीय त्यांनी. चालू राहू दे, सर.”

“राहू दे मग,” ते म्हणाले आणि दिवा चालू राहिला.